धाटाची बैलगाडी

आमच्या झरीत कुणी काही फेकून देत नाही. वस्तू फुटली, विटली, उसवली की तिचं काय करायचं हे सगळ्या गावाला पाठ आहे: राजेश्रीकडं नेऊन द्यायची. राजेश्री म्हणजे मी. फुटक्या बांगड्या, आइस्क्रीमच्या काड्या, लग्नपत्रिकांचे खोके, गेलेले बल्ब, जोडीतलं एकच उरलेलं कानातलं. "तुमाला लागंल म्हणून ठेवलं होतं बघा," असं म्हणत मोठा उपकार केल्यासारखी पिशवी दारात ठेवतात, चहा पितात आणि जातात. मागं एकीनं वारलेल्या सासऱ्याची कवळी आणून दिली. मी म्हटलं, अहो, हिचं मी काय करू? तर म्हणते, "तुमी कशाचंबी करता की!"

करते, हे खरं आहे. जुन्या साड्यांच्या गोधड्या, काठापदरांची पायपुसणी, लोकरीची तोरणं, मण्यांचे गणपती. घरातले पडदे माझे, उशांचे अभ्रे माझे, फ्रीजच्या डोक्यावरचं झाकण माझं. दिवाणाखाली, कपाटावर, शिलाई मशीनच्या मागं, जिथं हात घालाल तिथं अर्धवट काहीतरी निघतं. आमच्या ह्यांचं, परमेश्वररावांचं, गावात खता-बियाण्याचं दुकान आहे. घरी आले की बसायच्या आधी खुर्चीवर हात फिरवून बघतात, सुई तर नाही ना. एकदा बसलेत सुईवर, तेव्हापासून.

पण मला खरं बेजार केलं ते रुखवतानं. भावकीत लग्न ठरलं की तारीख निघायच्या आधी माझा फोन वाजतो. "वैनी, तेवढं रुखवत बघा." हे 'तेवढं' म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. सुपारीचे नवरा-नवरी, तांदळाची सप्तपदी, साखरेचं तुळशीवृंदावन, डाळींची रांगोळी, लोकरीची बाग. महिनाभर माझं घर म्हणजे गोदाम होतं आणि माझी पाठ म्हणजे लाकूड. मग लग्नात मांडवाच्या एका अंगाला टेबलं लावून ते सगळं मांडायचं आणि वर पाटी: 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते बनविलेले रुखवत'. त्या अमुकीला सुईत दोरा ओवता येत नसला तरी चालतं. पाटी सगळ्यांची सारखीच. आणि ती पाटीसुद्धा थर्माकोल कापून, चमकी लावून मीच करते.

मला नाव हवं होतं का? हवं होतं, उगाच खोटं कशाला बोलू. पेपरात फोटो नको, सत्कार नको, शाल-श्रीफळ नको. चार बायका बसलेल्या असताना घरच्या कुणीतरी एकदा तोंडानं म्हणावं, हे आमच्या राजेश्रीनं केलंय. एवढंच. एकदा मोठ्या नणंदेजवळ, बबिताताईंजवळ, बोलूनही दाखवलं. त्या हसायलाच लागल्या. "येडी का काय तू? मामीनं केलं म्हणल्यावर त्येला रुखवत कोण म्हणंल?"

बबिताताई चुडाव्याला असतात. त्यांच्या भक्तीचं लग्न दोन वर्षांपूर्वी पिंगळीच्या रामशी झालं. त्या रुखवतात मी जीव ओतला होता. त्यात मुख्य होती बैलगाडी, ज्वारीच्या धाटाची. लहानपणी माहेरी सुगी संपली की आम्ही पोरं कडब्याच्या पेंढीतली धाटं ओढून हे खेळ करायचो. धाट सोलायचं, आतला पांढरा गाभा वेगळा, वरची साल वेगळी. गाभ्याचे तुकडे म्हणजे लाकूड, सालीच्या काड्या म्हणजे खिळे. गोंद नाही, दोरा नाही. साल ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केली की वाकते, तिचं चाक होतं. सुकली की तशीच राहते. मी केलेल्या गाडीला आऱ्या होत्या, जू होतं, बैलांना वेसण होती आणि गाडीत कापसाचं बोचकंसुद्धा होतं. चाकं फिरायची.

लग्नात मी त्या टेबलापाशी पहारा देत उभी. पोरं हात लावायची, मी हाकलायची. तेवढ्यात भक्तीची सासू नर्मदाबाई आल्या. अंगापिंडानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, चाक बोटानं फिरवून बघितलं आणि एकदम खूश झाल्या.

"तुमी कोण?" मला विचारलं.

"मामी. नवरीची."

"भाचीच्या हातात लय कला हाय बरं का," त्या म्हणाल्या. "तुमीबी शिकून घ्या तिच्याकडून. येळ चांगला जातो."

मी हसले. काय करणार? मागं भक्ती शालू सावरत फोटोला उभी होती. तिनं ऐकलं होतं. तीही हसली.

हे सगळं मी गिळून टाकलं होतं. पण यंदा गुढीपाडवा झाला आणि एका दुपारी भक्ती दारात. मागं बबिताताई, हातात पिशवी. पिशवीत रिकाम्या डब्या होत्या, मला लागतील म्हणून आणलेल्या. दोघींचे चेहरे उतरलेले. मला वाटलं, पोरीचं सासरी काही बिनसलं.

"मामी, प्रियांकाचं लग्न ठरलं," भक्ती म्हणाली. प्रियांका म्हणजे तिची धाकटी नणंद.

"मग चांगलंच झालं की."

"आत्याबाईनं सगळ्या बायकांसमोर मला सांगितलं, तुझ्या रुखवतात होती तशीच बैलगाडी प्रियांकाच्या रुखवतात पाहिजे. तूच कर म्हणल्या."

सासूला ती आत्याबाई म्हणते. मी हातातली सुई खाली ठेवली. "अन् तू काय म्हणलीस?"

"हो म्हणले."

हो म्हणाली! जिनं शाळेत असताना कार्यानुभवाचा रुमालसुद्धा माझ्याकडून करून नेला, ती हो म्हणाली.

"मग काय म्हणायची ती?" बबिताताई मध्ये पडल्या. "बघायला आले तवाच मी सांगितलं होतं, पोरीच्या हातात कला हाय म्हणून. आता न्हाई म्हणली तर तिची काय किंमत ऱ्हाईल तिथं? तू एक काम कर राजेश्री. तेवढी गाडी करून टाक. भक्ती पिशवीत घालून नेईल. कुणाला कळायलंय?"

"न्हाई," मी म्हटलं.

मला स्वतःलाच नवल वाटलं. बाहेर हात धुणारे आमचे हे टॉवेल हातात घेऊन दारात आले. म्हणाले, "अगं, तेवढं करून टाक की. खामखा कशाला वाढवायचं?"

"तुमी गप बसा. तुमाला 'तेवढं'शिवाय दुसरा शब्द येतो का?" मी भक्तीकडं वळले. "मी करणार न्हाई. तू करायची. हो तू म्हणलीस ना? मी दाखवीन, पण हात तुझे. ऱ्हा इथं."

भक्तीनं आईकडं बघितलं. बबिताताईंनी कपाळाला हात लावला. मग मला न विचारता फोन काढला, पिंगळीला लावला आणि माझ्यासमोर बसून बोलू लागल्या, "विहीणबाई, आमच्या भावजयीची कंबर धरलीय हो. उठता बसता येईना. भक्तीला ठेवून घेते तिच्याजवळ थोडे दिवस."

अशी मी माझ्याच घरात आजारी पडले. पिंगळीहून फोन आला की मला मागून कण्हावं लागायचं. भक्ती मला कोपरानं खुणवायची, मी हातात लाटणं घेऊन "आई गं" म्हणायची. आणि शेजारीपाजारी कंबरेवरची तेलं आणून द्यायला लागले ते वेगळंच.

शिकवणीचं काय सांगू? पहिल्या दिवशी तिनं मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यात कुणीतरी ग्लू गननं काड्या चिकटवत होतं. मी मोबाईल उचलून तांदळाच्या डब्यात ठेवला. म्हटलं, गाभा सुकला की आखडतो, गोंद लावला तर जोड सुटतो. सालीची काडी खुपसली की ती गाभ्याला धरून ठेवते. ती म्हणाली, "हो मामी," आणि साल ओढताना बोट कापून घेतलं. ज्वारीच्या सालीची धार ब्लेडसारखी असते, हे मी आधी सांगितलं होतं. सांगितलेलं कोण ऐकतं? हळद लावली, चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी दुसरं बोट.

चाक काही वळेना. साल भिजवायची तर ही बादलीत बुडवून ठेवायची. मग ती लगद्यासारखी व्हायची. मी म्हणायची ओल्या फडक्यात, ती म्हणायची तेच की. तेच कसं? भिजवणं वेगळं, ओलावणं वेगळं. एका चाकाला एक अख्खी पेंढी गेली. आमचे हे दुकानातून येऊन चुलत्यांकडून दुसरी पेंढी आणायचे आणि म्हणायचे, "ह्यात एक म्हैस जगली असती."

म्हशीवरून आठवलं. कशीबशी दोन चाकं झाली. बऱ्यापैकी गोल. भक्तीनं कौतुकानं ती वाळायला अंगणात ठेवली, उघड्यावर, आणि आंघोळीला गेली. शेजारच्या रंगनाथ भाऊजींचं वासरू सुटलं होतं. कडबा तो कडबाच, त्याला काय माहीत रुखवत? मी बाहेर आले तेव्हा दुसऱ्या चाकाची शेवटची आरी त्याच्या तोंडातून आत जात होती.

भक्ती ओल्या केसांनी अंगणात उभी राहिली आणि ढसाढसा रडली. "मला न्हाई जमत मामी. तुमी करा. तुमाला एका दिवसाचं काम हाय."

"एका दिवसाचं?" माझा आवाज चढला. "तुला काय वाटतं, मी झोपेत करते? तुझ्या लग्नाच्या वेळी माझी बोटं काय लोखंडाची होती?"

मी आत जाऊन ओलं फडकं आणलं आणि तिच्यासमोर टाकलं. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि धाट उचललं.

त्याच आठवड्यात नर्मदाबाई मला बघायला आल्या. न सांगता. मी स्टुलावर चढून तोरणाचा खिळा ठोकत होते. रामच्या मोटारसायकलचा आवाज भक्तीनं ओळखला. मी स्टुलावरून उडी मारली, दिवाणावर पडले आणि गोधडी ओढून घेतली. एप्रिलची दुपार, त्यात लाईट गेलेली. परभणीतलं ऊन कसं असतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच माझे हाल कळतील. माझ्या हातात हातोडी तशीच होती, गोधडीच्या आत.

नर्मदाबाई नारळपाणी आणि बिस्किटं घेऊन उशाशी बसल्या. "लय घाम आलाय हो तुमाला. ताप हाय का?" माझ्या कपाळाला हात लावला. मग त्यांनी खोलीभर पसरलेली धाटं, साली आणि चिंध्या बांधलेली भक्तीची बोटं बघितली. "काय गं माय, हिथंबी काम चालूच का! आजारी माणसाचं करायचं अन् हेबी करायचं." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पडल्या पडल्या बघत जा बाई तिच्याकडं. तुमीबी शिका. येळ जाईल."

दुसऱ्यांदा! मी गोधडीत हातोडी घट्ट धरली. भक्तीनं मान खाली घातली. त्या क्षणी ती एक शब्द बोलली असती तर मी सगळं माफ केलं असतं. ती धाट सोलत राहिली. नर्मदाबाई तासभर बसून गेल्या. मी गोधडी फेकली तेव्हा अंगावरचं लुगडं पिळून काढण्यासारखं झालं होतं.

"मामी, मी काय बोलायचं होतं?" भक्ती म्हणाली.

"काही न्हाई. साल ओलव."

आणि गाडी झाली. कशी झाली म्हणाल तर एक बैल दुसऱ्यापेक्षा उंच, आणि बुटका बैल शेळीसारखा. डावं चाक अंडाकृती, फिरताना ठुमकत फिरायचं. पण फिरायचं! जू पडत नव्हतं, जोड हलत नव्हता. भक्तीनं ती जमिनीवर ठेवून स्वतः पुढं-मागं ओढली आणि लहान पोरीसारखी टाळी वाजवली. त्यानंतर ती कुणाला हात लावू देईना. रामनं मोटारसायकलवर मागं बांधून नेऊ म्हटलं तर नको म्हणाली, बसनं गेली, मांडीवर घेऊन. मलाही बरं वाटलं. सुरुवातीला मीही असलीच शेळी केली होती.

लग्न पिंगळीला, त्यांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत, मे महिन्यात. आमची कंबर तोवर बरी झालेली. मांडवात शिरले तर रुखवताची टेबलं समोरच. मधोमध भक्तीची गाडी आणि वर भलाथोरला फ्लेक्स. ह्यांच्याकडं थर्माकोल कुणी कापत नाही. लाल अक्षरांत, गुलाबाच्या चित्रांमध्ये: 'चि. सौ. कां. प्रियांका हिने स्वहस्ते बनविलेले रुखवत'.

भक्ती फ्लेक्सखाली उभी होती. मला बघितलं तशी तरातरा आली. चेहरा लालबुंद.

"बघा की मामी! गाडी माझी अन् नाव प्रियांकाचं. मला वाटलं, वैनीनं केलीय म्हणून सांगतील. तिनं गाडीला हातसुद्धा लावला न्हाई! माझी बोटं बघा. किती दिवस मी नीट जेवले न्हाई, किती येळा—"

आणि ती थांबली. वाक्य अर्धंच राहिलं. मी तिला मदत केली नाही. तिनं फ्लेक्सकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. पण ते बरं वाटणं टिकलं नाही, कारण पोरीचे डोळे भरून आले आणि मला तिची दया यायला लागली. हीच माझी खोड आहे.

तेवढ्यात नवऱ्याकडच्या बायका आल्या. त्यांतल्या एकीनं अंडाकृती चाक फिरवलं. "अगं बाई, धाटाची गाडी! कुणी केली हो?"

प्रियांका शेजारीच उभी होती, मुंडावळ्या बांधून. तिचा चेहरा एवढासा झाला. भक्तीचं तोंड उघडलं. मला वाटलं आता ही बोलणार, आणि बोलली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

"प्रियांकानं," भक्ती म्हणाली.

प्रियांकानं तिचा हात धरला. बायका कौतुक करत पुढं गेल्या. मी जे इतकी वर्षं गिळत आले ते ह्या पोरीनं उभ्या उभ्या गिळलं, आणि मला तिचा राग यावा की तिला जवळ घ्यावं हेच कळेना. मी मठ्ठ्याचा ग्लास घेऊन पंख्यासमोर जाऊन बसले.

संध्याकाळी नवरी गेली. मांडव रिकामा झाला आणि उरलेल्या बायका घरात टेकल्या. नर्मदाबाई रडून दमल्या होत्या. भावकीतल्या पाच-सहा जणी, बबिताताई, मी, सगळ्या सतरंजीवर पाय लांब करून बसलो. भक्ती चहाचा ट्रे घेऊन आली. टीव्हीच्या कपाटावर माझी बैलगाडी होती. दोन वर्षांनी बघत होते. तिच्यावर प्लास्टिकची पिशवी चढवलेली आणि पिशवीवर धूळ.

"नर्मदाबाई, आजच्या गाडीपेक्षा ही किती सुबक हाय हो," एक जण वर बघत म्हणाली. "सुनंनं केलेली ना ही?"

"मग!" नर्मदाबाई डोळे पुसून म्हणाल्या. "आमच्या भक्तीच्या लग्नातली हाय ती."

भक्तीनं ट्रे खाली ठेवला. कप हिंदकळले.

"न्हाई आत्याबाई," ती म्हणाली. "ही मी केली न्हाई. ही आमच्या मामीनं केलीय."

बबिताताई घाईघाईनं म्हणाल्या, "अगं, मामीनं थोडी मदत केली होती—"

"मदत न्हाई, आई. सगळी. त्या रुखवतातलं सगळंच मामीचं होतं. मी एका वस्तूला हात लावला नव्हता." ती थांबली नाही. "आत्ता कुठं मला वाकडं चाक जमलं. तेबी मामीनंच शिकवलं."

नर्मदाबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग भक्तीकडं, मग परत माझ्याकडं. आता ह्या पोरीची काही खैर नाही असं मला वाटलं.

"म्हंजी मी तुमाला..." त्या म्हणाल्या.

"दोनदा," मी म्हटलं. "एकदा मांडवात अन् एकदा गोधडीत."

ह्या दिवसासाठी मी किती वाक्यं जमवून ठेवली होती! भांडी घासताना, पापड वाळवताना, दुसऱ्यांच्या पाट्या कापताना. चार बायकांत कुणी माझं नाव घेतलं तर काय बोलायचं ते सगळं तयार होतं. आणि आता घेतलं, तर त्यातलं एक आठवेना. मी उठले, गाडी खाली काढली, पिशवी ओढून काढली आणि तोंडातून निघालं ते हे:

"प्लास्टिक कशाला घातलं हो हिला? आत दमट होऊन बुरशी धरंल ना. अन् ह्या चाकाच्या दोन आऱ्या कुणी मोडल्या?" माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते आवरेना म्हणून मी आणखीच ओरडले. "कुणी मोडल्या, सांगा की!"

नर्मदाबाई उठून उभ्या राहिल्या. मग त्यांचा आवाज आला. एवढा बारीक आवाज त्यांना काढता येतो हे मला माहीत नव्हतं.

"मी. दिवाळीला पुसताना मोडल्या. सुनंला वाईट वाटंल म्हणून मोडकं चाक भिंतीकडं करून ठेवलं अन् वरून पिशवी घातली. पुन्ना हात लावायचं भ्याच वाटलं."

दोन वर्षं ह्या बाईनं सुनेची म्हणून जपली होती ती गाडी, आणि सून तिच्याकडं बघायचीसुद्धा टाळत होती. काय म्हणावं ह्या माणसांना? मी पदरानं डोळे पुसले, त्याच पदरानं चाक पुसलं.

"धाट हाय का घरात?"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत भक्ती मागच्या दारानं कडब्याच्या गंजीकडं पळाली. तिथूनच ओरडली, "जाड आणू का बारीक, मामी?"

"बारीक. अन् साल—"

"ओल्या फडक्यात. मालूम हाय मला."

बबिताताई तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या, बसू दे म्हटलं. मी गाडी घेऊन खाली बसले तशा बाकीच्या बायका माझ्याभोवती सरकल्या. त्यांतली एक लगेच म्हणालीच, की तिच्या पोरीचं लग्न मार्गशीर्षात आहे, तेवढं रुखवत बघाल का म्हणून. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं चहाचा कप तोंडाला लावला. नर्मदाबाई अजून उभ्याच होत्या, हात कुठं ठेवावेत ते न कळून. मी सतरंजीवर माझ्या शेजारची जागा हातानं झटकली.

"बसा विहीणबाई," मी म्हटलं. "तुमीबी शिका. येळ जाईल."

त्या बसल्या.